गुंडेराव सरांचा गिरणीतला प्रयोग

रस्त्यात वायरमन दिसला की गुंडेराव सर सायकलवरून उतरून त्याला नमस्कार करायचे. हेडमास्तरांनासुद्धा ते सायकलवरूनच मान हलवायचे. "उद्या कोणत्या गावची लाईट बंद हाय?" एवढाच प्रश्न. वायरमनला वाटे, सर तक्रार करणार. सरांना मात्र लाईट जायलाच हवी असायची.

आमच्या सेलूच्या शाळेत ते मराठी शिकवत. अंगानं काटकुळे, पण आवाज असा, की शाळेची घंटा बिघडली तरी अडलं नसतं. श्लोक, आर्या, ओव्या, सगळी जुनी कविता तोंडपाठ. रिटायर होण्याआधी ती गावोगाव एकट्यानं सादर करायची, हा त्यांचा ध्यास. "इंतजाम चोख पायजे," ते म्हणायचे, "कविता मग आपल्या पायानं चालते." सर जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कसलीही तयारी करताना मला हा 'इंतजाम' आठवतो.

मी गणिताचा मास्तर. "एकपात्री प्रयोगाला मी कशाला?" असं विचारलं तर म्हणाले, "कोणीच आलं न्हाई तर श्रोता नको का?"

ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत मनं फाटली होती. पहिला प्रयोग एका देवळात ठरला. सभामंडप भरला, पण पलीकडच्या वस्तीतली माणसं रस्त्यावरच उभी राहिली. सरांनी त्यांना आत बोलावलं. आतलं कोणी सरकलं नाही, बाहेरचं कोणी पायरी चढलं नाही. दुसऱ्याच श्लोकाला सरांनी आवरतं घेतलं.

"अर्धं गाव भायेर उभं ऱ्हाणार असंल तर मला न्हाई जमायचं," परतताना ते म्हणाले. "अजून एक गाव बघू. तितं बी असंच झालं तर हा बखेडा कायमचा बंद."

आठवड्यानं एका दुपारी त्यांनी स्टाफरूममध्ये टेबलावर थाप मारली. "गिरणी! देवळाची गोष्ट येगळी, पाणवठ्याची येगळी. पण दळणाची रांग एकच. अन् लाईट गेली की उठून जातंय कोण?"

वायरमनला विचारून आम्ही पॅसेंजर गाडीनं चुडावा स्टेशनावर उतरलो आणि जवळच्या एका गावात गेलो. गिरणी बंद होती. दाराच्या एका बाजूला गावातल्या बायका, दुसऱ्या बाजूला वस्तीतल्या. डबे रांगेत, बायका मात्र लांब लांब. मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून सरांनी नवऱ्यानं रानात सोडून दिलेल्या राणीची कथा सुरू केली. ओवी म्हणायची, अर्थ सांगायचा, पुन्हा ओवी. राणी झाडांना नवऱ्याचा पत्ता विचारू लागली तशी कुजबुजही थांबली.

आणि नेमकी लाईट आली. गिरणीवाला उठला. सरांनी अर्ध्यावरच हात जोडले, कारण बायकांचा खोळंबा करायचा नाही असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. चेहरा मात्र एवढासा झाला.

पहिला नंबर वस्तीतल्या सखूबाईचा. तिनं डब्यावर हात ठेवला. "माजं ऱ्हाऊ दे. त्या राणीला नवरा घावला का न्हाई?"

गिरणीवाल्यानं दुसऱ्या नंबराकडं पाहिलं. ती सरपंचाची भावजय, गयाबाई. "आमचं बी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आज भातच टाकते." मग डबा उचलून ती पलीकडं गेली आणि सखूबाईला म्हणाली, "सरक गं जराशी. तिकडून नीट ऐकू येईना."

सखूबाई सरकली. दोघी शेजारी बसल्या. मागच्या बायकाही एकेक करून पुढं आल्या.

सर भिंतीकडं तोंड करून घसा साफ करत राहिले. घसा काही साफ होईना. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"म्हणा की हो मास्तर," सखूबाई म्हणाली, "गिरणी कुटं पळून चाललीय?"