मामाची अदलाबदल

एक जण दुसऱ्याच्या मागं का पडला, हे उलगडल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नसे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझा मामा. चंद्रपूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. "ते लोक तसेच असतात," असं कोणी म्हटलं की संपलंच! "तसेच म्हंजे कसे? आधी दोघाईले सारखं द्या, मंग फरक किती उरते ते पाहू," म्हणत तो अशी मांडी ठोकून बसायचा की ताटं वाढली तरी उठायचा नाही. आमच्या चामोर्शीच्या बाजारात दोघी जणी वांगी विकत. एकीची टोपली दुपारीच रिकामी, दुसरीची तशीच भरलेली. सगळे म्हणत, पहिलीची जीभ गोड. मामानं हट्ट धरून दोघींच्या जागा बदलायला लावल्या. कडुलिंबाच्या सावलीत आल्याबरोबर दुसरीची वांगी खपू लागली आणि पहिलीनं उन्हात बसून मामाला अशा काही शिव्या हासडल्या की तिची अख्खी टोपली त्यालाच विकत घ्यावी लागली. आठवडाभर आम्ही वांगी खात होतो. "पण जिभेचा काई वाटा नोहता, हे तर सिद्ध झालं!" मामा खूश.

भाऊ आणि मी जुळे, याचा आनंद आईपेक्षा मामालाच जास्त. बारावीच्या सहामाहीत गणितात भाऊ माझ्या खूप पुढं गेला. बाबा म्हणाले, "पोरीच्या डोक्यात गणित बसतच नाई. पोरगा जाईन नागपूरले, ही राहीन घरी." मी चुलीपुढं बसून रडले. मला पुढं शिकायचं होतं हो, दुसरं काही नको होतं! मामा एसटीनं हजर. "भाऊजी, याले शिकवणी लावली अन् हिच्या हाती हापशीचा दांडा देल्ला. पूर्वपरीक्षेपर्यंत अदलाबदल करून पाहा." बाबांना गंमत वाटली, ते हो म्हणाले. मग काय विचारता! भाऊ हापशीवर गेला की बाया तोंडाला पदर लावून हसत. त्यानं शिजवलेला भात कोंबड्यांनीही टाकला. मी मात्र शिकवणीला बसले आणि पूर्वपरीक्षेत त्याच्या पुढं गेले.

बाबांनी दोघांचे पेपर पाहिले. "मानलं मास्तर. डोकं आहे पोरीले."

"मंग जाईन ना ही नागपूरले?" मामानं विचारलं.

"नाई."

"काऊन?"

"पोरगी आहे ना."

मामा "शिकवणी वजा केली, पाणी वजा केलं, तरी हे उरलंच," असं काहीसं पुटपुटला. आणि कधी कोणापुढं न वाकणाऱ्या त्या माणसानं बाबांपुढं हात जोडले. "भाऊजी, गणित राहू द्या. माह्यासाठी पाठवा तिले."

बाबा ओशाळले. "अरे, हात काऊन जोडता!" म्हणत त्यांनी होकार दिला.

मी नागपूरला गेले, शिकले, नोकरीला लागले. आता मामा नाही. लोकांना वाटतं, त्यानं आकड्यांनी बाबांना पटवलं, आणि मीही ते खोडून काढत नाही. पण जे मला माझ्या गुणांवर मिळायला हवं होतं, ते त्याला माझ्यासाठी मागून आणावं लागलं, याचं वाईट अजून वाटतं.