अर्ध्या तासाचा धवला

सुनेने कॅमेऱ्याकडे हात नेला आणि मी तिच्यावर डोळे वटारले. तिने हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. माझी मोठी बहीण लग्नातलं गाणं, धवला, गात होती, मी शेजारी बसून तिची ओळ मागून म्हणत होते, त्यामुळे तोंडाने काही सांगायची सोय नव्हती. कॅमेरा तेव्हा बंद पडला होता. मला ते कळलं नाही. पुढे जवळजवळ अर्धा तास आम्ही दोघी बंद कॅमेऱ्यासमोर गात बसलो.

हे रोह्याला, बहिणीच्या ओटीवर, एका रविवारी सकाळी झालं. मंगळवारी मुंबईच्या इस्पितळात तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर आवाजाची पेटी काढावी लागेल, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. जीव वाचायची आशा होती, आवाजाची नव्हती. आणि बहीण धवलारीण. आमच्याकडे लग्नात जी बाई धवले गाते आणि विधी करते, तिला धवलारीण म्हणतात. तिच्याकडे एक मोठा धवला आहे, तो दुसऱ्या कुणाला येत नाही. पहिल्या अर्ध्यात गावदेवी, कुळाचे देव, वेशीवरचा, खाडीवरचा, मेलेले वाडवडील, सगळ्यांना मांडवात बोलवायचं. दुसऱ्या अर्ध्यात एकेकाला पाट देऊन बसवायचं, मान द्यायचा आणि निरोप द्यायचा. मध्ये थांबायचं नाही. थांबलं तर पहिल्यापासून. बोलावलेले दारात उभे ठेवायचे नसतात.

बहीण शाळेत गेली नाही. मी चौथीपर्यंत गेले. मी म्हटलं, सांग, लिहून घेते. पण चालीशिवाय तिला एक ओळ सांगता येईना. मग मी सुनेला म्हटलं, तुझा तो कॅमेरा घे. आमचं गणपतीचं काम आहे, पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. रंगवलेल्या मूर्तींचे फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवायला सुनेने तो मोठा कॅमेरा घेतलेला. व्हिडिओ काढते तो दोन मिनिटांचा, मूर्ती फिरवून दाखवायला. किती वेळ गाणार, असं तिने वडखळच्या नाक्यावर गाडीत विचारलं होतं. मी म्हटलं, थोडा वेळ. मला खरंच थोडा वाटतो. घड्याळ लावून कोण गातं?

ओटीवर बसल्यावर मी सगळ्यांना ताकीद दिली. मोबाइल वाजतील म्हणून मागच्या पडवीत पाठवले. एकदा सुरू झालं की कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. सून ऐकणारी आहे. तिने ऐकलं.

धवला संपला. बहिणीने पदराने तोंड पुसलं. सून म्हणाली, "आई, अर्धाच आलाय."

मी विचारलं, बॅटरी गेली काय? नाही, बॅटरी होती. जागा भरली? नाही, जागाही होती. मग बंद का पडला? तर म्हणे त्याचा नियम आहे, एका दमात अर्ध्या तासाला सेकंदभर कमी, मग आपोआप बंद. पुन्हा बटण दाबलं की पुढचा अर्धा तास.

"मग दाबायचं होतंस की गो!"

"तुम्हीच बोललात ना, कशाला हात लावायचा नाय. आणि डोळे कोणी वटारले?"

मी नियमावर राग काढला. असा नियम करतं कोण? सुनेने समजावलं की परदेशात कधीतरी कर होता. अर्ध्या तासाच्या वर चालणारा कॅमेरा व्हिडिओचा धरायचे आणि जास्त कर लावायचे, म्हणून बनवणाऱ्यांनी तो अर्ध्या तासाच्या आतच थांबवला. नव्यांत असं नसतं म्हणे, हा जुना आहे. मी तिला तीनदा सांगायला लावलं. तिकडच्या करासाठी रोह्यात माझ्या बहिणीचं गाणं का थांबावं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

बहीण म्हणाली, फक्त पुढचं गाते. बसली. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पुढच्याचं पहिलं टोक तिला मागच्यातून आल्याशिवाय सापडत नव्हतं. मलाही नाही. मी आयुष्यभर तिच्या मागून म्हणत आले, आपणहून एकही ओळ सुरू केलेली नाही.

चहा झाला. बहिणीने गरम पाणी घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. आता सून बटणावर बोट ठेवूनच बसली. पण मघाशी व्हिडिओ थांबला, तरी कॅमेरा चालूच होता. आमचं उरलेलं गाणं, भांडण, चहा, सगळा वेळ त्याची मागची काच उजेड दाखवत बॅटरी खात होती. वाडवडिलांपर्यंत पोचायच्या आत तो बंद झाला. दुसरी बॅटरी घरी, पेणला, चार्जरला लावलेली. म्हणजे चार्जरही पेणलाच. आम्ही काय आणलं होतं, तर बहिणीसाठी पोह्याचे पापड.

सून पडवीत धावली, मोबाइल घेऊन आली. तोवर बहिणीचा आवाज फाटला होता. ती ओठ हलवत होती, हवा येत होती. मी थांब म्हटलं तरी थांबेना. शेवटी खोकला आला आणि रक्त आलं, तेव्हा थांबली. तिने मला जवळ ओढलं. कानात म्हणाली, "सगली दारात उभी हायती गो."

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. इस्पितळातून आल्यावर ती नीट जेवेना. कॅमेऱ्याकडे हात करायची, मग दाराकडे. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मला वाटलं नाही.

महिन्याने मी आणि सून पुन्हा रोह्याला गेलो. सुनेने तो अर्धा धवला टीव्हीवर लावला. टीव्हीत बहीण गात होती, समोर बहीण गप्प बसली होती. मी टीव्हीच्या मागून म्हणायला लागले. बहिणीच्या आजेसासऱ्याला हाक येते आणि तिथेच चित्र थांबतं. मी थांबले नाही. कशी ते विचारू नका, आपोआप पुढची ओळ आली. तीन-चार ठिकाणी बहिणीने माझ्या मांडीवर चापट मारली. चुकलं हे कळायचं, काय चुकलं ते सांगायला तिला आवाज नव्हता. मी दुसरं काही म्हणून बघायची. चापट पडली नाही की पुढे जायची. एका जागी ती मारतच राहिली, मला शब्द सापडेना, मग तिनेच हाताने सोड अशी खूण केली.

सून शेजारी कॅमेरा लावून उभी होती. अर्ध्या तासाने तिने मला न विचारता बटण दाबलं. बॅटऱ्या तीन आणल्या होत्या.

निरोपाची ओळ झाली. बहिणीने दाराकडे बघितलं आणि सुनेकडे जेवण मागितलं, हाताने. एक भाकरी खाल्ली.

हा धवला पुरा धरायचा की नाही, मला सांगता येत नाही. अर्धा तिचा, अर्धा माझा, मधला एक शब्द कुणाचाच नाही.

बहीण जिवंत आहे, रोह्याला असते. मी पेणला. तो धवला येणाऱ्या आम्ही दोघीच.