रुंद बोटी आणि बिनगाडीचं ऑफिस

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरात जुने चार्जर साठतात ना, तसे ते साठत जातात. कुठला कुठल्या फोनचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाही! आमचं ऑफिस बंद होऊन काही वर्षं झाली, तरी आम्ही जुनी मंडळी भेटलो की दहा मिनिटांत कोणीतरी "ते आठवतंय का" म्हणतं आणि मग जेवण गार होतं.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण ते ऐकून लोकांना थापच वाटते. अमेरिकेत हौशी लोक स्वतःची बोट ट्रेलरवर चढवतात, ट्रेलर गाडीला जोडतात आणि रस्त्याने ओढत कुठल्यातरी तळ्यावर नेतात. बोट साधारण साडेआठ फुटांपेक्षा रुंद असली की भानगड सुरू. एका राज्यात परमिट लागतं, दुसऱ्यात लागत नाही, तिसऱ्यात लागत नाही पण अंधार पडायच्या आत पोहोचावं लागतं. शिवाय हे कायदे सारखे बदलतात. आमचं सॉफ्टवेअर त्या लोकांना सांगायचं, की बाबांनो, तुमची बोट या रस्त्याने अशी अशी न्या.

आणि हे सगळं चालायचं सिंगापुरातून! एकच राज्य, एकच कायदा, आणि आमच्यापैकी एकाकडेही गाडी नाही.

* * *

माझा इंटरव्ह्यू खानोलकरांनी घेतला. ते आमचे मॅनेजर. मूळचे वेंगुर्ल्याचे, मग मुंबई, मग कायमचे सिंगापूर. वुडलँड्सला राहायचे आणि रोज एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या शब्दकोडं सोडवत यायचे.

"बोट ओढलीय कधी?"

"नाही."

"गाडी चालवता येते?"

"पुण्यात स्कूटी चालवायचे."

"अमेरिकेला गेलायत?"

"नाही सर." मी मनातल्या मनात पर्स उचलून निघालेच होते.

खानोलकर खूश झाले. म्हणाले, "मग या तुम्ही सोमवारपासून. इथे कुणालाच काही येत नाही, एकट्या पडणार नाही!"

* * *

मी पुण्याला सासूबाईंना फोनवर नवीन नोकरीबद्दल सांगितलं. "आई, रुंद बोटींचं काम आहे." लाईन खरखरत होती. त्यांनी ऐकलं, रुंद बोटांचं!

त्यांनी सोसायटीभर सांगितलं. आठवड्याभरात मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंची सुजलेली बोटं, समोरून, बाजूने, मूठ वळून. खाली मेसेज : "अंगठी निघत नाही. तुमच्याकडे काही उपाय?"

मी ते ऑफिसात दाखवलं. खानोलकरांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून गंभीरपणे पाहिला आणि म्हणाले, "साडेआठ फुटांच्या आत आहे. परमिट लागणार नाही, कळवून टाका!"

* * *

निखिल आमचा प्रोग्रॅमर. सिंहगड रोडवरचा मुलगा, क्लेमेंटीला खोली भाड्याने घेऊन राहायचा. एकदा तो म्हणाला, "ताई, आपण दिवसभर साडेआठ फूट, दहा फूट टाइप करतो. पण म्हणजे नक्की केवढं?"

मग आम्ही पॅसेजमध्ये टेप लावून मापं काढली आणि चिकटपट्टीने जमिनीवर अख्खी बोट आखली, पुढच्या निमुळत्या टोकासकट. ती एवढी मोठी निघाली की आमचं टोक पँट्रीत शिरलं.

सफाईला येणाऱ्या चिनी आंटीने ते पाहिलं. त्या दिवसापासून ती पट्टीला पाय न लावता कडेकडेने झाडायची. मग एका सकाळी आम्ही आलो तर बोटीच्या टोकाशी एक संत्रं. नीट मधोमध ठेवलेलं. आम्ही काहीतरी पूजेबिजेचं आखलंय अशी तिची समजूत झाली होती!

निखिल ते उचलायला वाकला. खानोलकर ओरडले, "हात लावू नकोस! पहिला पॅसेंजर आलाय!"

* * *

कायदे वाचायचं काम मे लिंगचं. ती सिंगापूरचीच, वकिलीची पदवी घेतलेली, बारीक अंगाची आणि दांडग्या चिकाटीची. अमेरिकेतल्या कुठल्या राज्याच्या विधानसभेत कुठलं विधेयक कुठवर आलंय, हे तिला घरच्या गोष्टींसारखं ठाऊक असायचं.

पन्नास राज्यांचे नियम आमच्या लक्षात राहीनात. निखिलने तोडगा काढला. ज्या राज्यात फार कटकट नाही, ती मावशी. ज्या राज्यात रविवारी बंद, सणाला बंद, मागे लाल झेंडा, पुढे बोर्ड, ती आत्या!

मे लिंगने विचारलं, "आत्या म्हणजे?"

"वडिलांची बहीण. लग्नात पंगत मोडेपर्यंत चुका काढते."

"आमच्याकडे पण आहे," मे लिंग म्हणाली. "गु मा." आणि तिने आमचं आत्या हेच नाव वापरायला सुरुवात केली.

पुढे एका मीटिंगमध्ये ती अमेरिकन क्लायंटला सहज म्हणाली, "रविवारी या रस्त्याने नका जाऊ. मध्ये आत्या आहे." आम्ही टेबलाखाली तोंड लपवलं. क्लायंट शहाणा. तो दुसऱ्या दिवशी विचारतो, "आत्याला टाळून दुसरा रस्ता आहे का?"

त्यांतल्या सगळ्यात कडक राज्याने अखेर कायदा बदलला. हौशी बोटींना दहा फुटांपर्यंत परमिट नको! मे लिंग खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि आयुष्यातलं पहिलं अख्खं मराठी वाक्य बोलली :

"आत्याची मावशी झाली!"

* * *

माझी मुलगी तेव्हा सेंगकांगच्या शाळेत दुसरीत होती. आईच्या कामावर चार वाक्यं बोलायची होती, म्हणून मी तिला बसवून सगळं समजावलं. ट्रेलर, परमिट, राज्यं, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत विचारलं,

"आई, बट बोट पाण्यातून जाते, लाह! व्हाय रोड?"

मी दुसऱ्या दिवशी हा प्रश्न टीममध्ये मांडला. सगळे आपापल्या स्क्रीनकडे वळले. मग निखिल म्हणाला, "ताई, हे क्लायंटच्या कानावर जाऊ देऊ नकोस!"

* * *

एवढं काम केलं, पण ट्रेलरवरची बोट आमच्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. एका शनिवारी खानोलकरांनी ओळखीतून पश्चिमेकडच्या एका छोट्या बोटयार्डात जायची परवानगी मिळवली. मी मुलीला घेतलं, पुऱ्या-भाजीचा डबा घेतला. निखिल इस्त्रीचा शर्ट घालून आला. दोन बस बदलून पोहोचलो.

दुपारी एका माणसाने ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला आणि पांढरी शुभ्र बोट पाण्यातून उतारावर ओढून घेतली. पाणी निथळत ती वर आली आणि थांबली. दहा-पंधरा पावलांचा प्रवास! आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

ट्रॅक्टरवाला घाबरून खाली उतरला. "पहिल्यांदा बघताय?"

"नाही हो," निखिल अभिमानाने म्हणाला, "आमचा हाच तर धंदा आहे!"

खानोलकर मात्र बोटीजवळ गेले आणि तिच्या ओल्या अंगावर तळवा ठेवून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या वडिलांची होडी होती. पावसाळ्याआधी ती खाडीतून काढून घरामागच्या खोपीत न्यायची. खाली ओंडके घालून, अख्खी वाडी मिळून ढकलायची. वाट अरुंद, दोन्हीकडे वयी, म्हणजे काठ्यांची कुंपणं. वडील आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगायचे, "उद्या होडी येतेय, वयीच्या काठ्या काढून ठेवा." लोक काढून ठेवायचे. होडी गेली की परत लावायचे.

मे लिंगने विचारलं, "आणि कुणी नाही म्हणालं तर?"

खानोलकरांना प्रश्नच कळला नाही. "नाही का म्हणेल? होडी येतेय ना!"

येताना बसमध्ये त्यांनी शब्दकोडं काढलं नाही.

* * *

मग क्लायंटची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि आमचं ऑफिस नको झालं. निखिलचा सिंगापुरात राहायचा पास नोकरीवर होता. नोकरी गेली की देश सोडायचा. खानोलकर आठवडाभर स्वतःसाठी एकही फोन न करता त्याच्यासाठी फोन करत होते. जमलं नाही. विमानतळावर निखिल हसत होता, पण पाया पडायला वाकला तो लवकर उठेना. खानोलकरांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "चल, सामान जास्त रुंद नाही ना? नाहीतर परमिट काढू."

आता निखिल पुण्यात आहे. बायको, मुलगी, कार, सगळं आहे. कार घेतली त्या दिवशी त्याने पहिला मेसेज आमच्या ग्रुपवर टाकला : "मागे हुक आहे!"

* * *

आणि आता वॉल्टर आजोबांचा किस्सा.

हे अमेरिकेतून आमच्या मदतीच्या नंबरवर फोन करायचे. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. आवाजावरून ऐंशीच्या पुढचे. त्यांची बोट नऊ फूट रुंद. घरापासून एका तळ्यापर्यंत न्यायची होती आणि वाटेतल्या एका राज्यात परमिटची अडचण होती. मे लिंगने त्यांना सगळी पद्धत समजावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. तोच रस्ता, तोच प्रश्न. तिने पुन्हा समजावली.

हे फार काळ चाललं. हळूहळू प्रश्न शेवटी यायला लागला. आधी आमच्याकडे पाऊस आहे का, मे लिंगच्या आईचा गुडघा कसा आहे, निखिलने लग्नाचं काय ठरवलं. मी गणपतीत मोदक केले तर त्यांनी कृती विचारून घेतली, आणि नारळ कुठे मिळेल यावर आम्ही अर्धा तास बोललो. त्यांच्या पत्नीचं नाव डोरोथी होतं, आणि तळं तिचं आवडतं होतं, एवढंच आम्हांला कळलं. ती होती की नव्हती, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

तेवढ्यात वाटेतल्या त्या राज्याने कायदा सैल केला. मे लिंगला कोण आनंद! तिने आपणहून फोन लावला. स्पीकरवर आम्ही सगळे.

"मिस्टर वॉल्टर, रस्ता मोकळा झाला! परमिट नको, काही नको. उद्यासुद्धा निघू शकता!"

पलीकडे टीव्ही चालू असावा, तेवढा ऐकू येत होता.

मग आजोबा म्हणाले, "हो का. फार छान. थँक यू, माय डिअर." आणि फोन ठेवला.

पुढचा आठवडा फोन आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. मे लिंग रोज सकाळी फोनकडे बघत कॉफी प्यायची. निखिल म्हणाला, "गेले असतील तळ्यावर." ऑफिस बंद व्हायची बातमी आली, तेव्हा खानोलकरांनी वॉल्टर आजोबांना स्वतः फोन केला. कुणी उचलला नाही, म्हणून त्यांनी मशीनवर निरोप ठेवला. हा नंबर बंद होतोय, हा माझा घरचा नंबर, काही लागलं तर कळवा.

परवाच्या रविवारी आम्ही खानोलकरांकडे वुडलँड्सला नाश्त्याला जमलो होतो. मी, मे लिंग, आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याहून डोळे चोळत निखिल. खानोलकर वहिनींनी घावणे घातले होते. पहिला ताटात पडला आणि खानोलकरांचा फोन वाजला. लांबचा, अनोळखी नंबर. त्यांनी उचलला, ऐकलं, आणि हळूच स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"समजा," वॉल्टर आजोबा खाकरत म्हणाले, "फक्त समजा हं, माझी बोट अकरा फुटी असती तर?"

वहिनींनी गॅस बंद केला. मे लिंगने खुर्ची पुढे ओढली.

"अकरा?" ती म्हणाली. "मग तर फारच अवघड आहे, मिस्टर वॉल्टर. बराच वेळ लागेल."