टिनाखाली तापणारं मशीन

तिसऱ्यांदा तेच कंप्युटरचं मशीन दुकानाच्या काउंटरवर आलं तवा इम्रानशेठ म्हणले, "काकू, आता हे परत आलं तर मशीन जोडायचं काम दुसऱ्याकडं. तुम्ही आपला झाडूच घ्या."

भूकंपात माझं घर गेलं, घरधनी गेला. मी लातुरात आले आन् शेठच्या अब्बांच्या दुकानात झाडायला लागले. शाळा तिसरीपोतर. बघून बघून कंप्युटर जोडायला शिकले, त्याला बारा वर्सं गेली. शेठचं बोलणं लागलं.

मशीन दिलीपसरांचं. क्लासला गणित शिकवायचे. पोरांनी डोकं खाल्लं की संध्याकाळी घरी गेम खेळायचे. गेमच्या मशीनमधी दोन चिपा लई तापतात. एक हिशेब करती, एक चित्रं काढती. चिपवर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट लावायची, वर पंखा बसवायचा. पेस्टमधून गरमी वर येती, पंखा ती भायेर फेकतो. न्हाईतर मशीन आपोआप बंद पडतं. पेस्ट मी दोनदा बदलली, पंखा एक वाढवला. दुकानात दिवसभर चालायचं. सरांच्या घरी अर्ध्या तासात बंद.

"सर, घर बघू द्या," मी म्हणलं.

पुढं पक्की स्लॅबची खोली, रिकामी. मागं चिकटून टिनाचं शेड. त्यात सरांच्या आईची बाज, सरांचा पलंग आन् मशीन. मे महिना. टिनाला हात लावला तर फोड येईल.

"मशीन त्या खोलीत ठेवा की."

"मंग मलाबी तिथं बसावं लागंल," सर हळू म्हणले. "आई बसू देत न्हाई."

आई बाजेवरून म्हणली, "ह्याची बहीण भूकंपात माळवदाच्या छताच्या मातीखाली गेली. जड छताखाली ह्याला न्हाई बसू द्यायची. हसायचं तर हसा."

"कशाला हसू, अक्का? मीबी अजून अंगणातच झोपते."

मंग मी म्हणलं, "मशीन तिकडं ठेवू. सर हितंच बसतील." मधल्या भितीला भोक पाडायचं, लांब वायरी घालायच्या. स्क्रीन आन् कीबोर्ड शेडमधी.

वायरमननं ड्रिल लावलं. भित थरथरली, फळीवरची भांडी वाजली. अक्का सरांचा हात धरून भायेर पळाली. मी तिच्याआधीच भायेर होते. तिशीतला माणूस आईचा हात धरून उन्हात उभा.

"ओ मावशी, ड्रिल हाय! कुठं पळालात?" वायरमन दारातून वरडला.

कुणी हसलं न्हाई. भोक पडून वायरमन गेला तरी आम्ही तिघं भायेरच होतो.

संध्याकाळी मशीन दोन तास चाललं, बंद पडलं न्हाई. अक्का खोलीच्या उंबऱ्याभायेर उभी राहून त्याच्याकडं बघत होती.

"छत पडलं तर मशीनच जाईल," ती म्हणली.

मशीन परत आलं न्हाई. शेठनं झाडूचं नाव काढलं न्हाई, शाबासबी म्हणले न्हाईत. त्यांना मी वायरींचं सांगितलं, पळाल्याचं न्हाई. आता तापणारं मशीन आलं की मी आधी विचारते, छत कशाचं हाय. पेस्ट मागनं.