याच्यात माय बसत नाही

"याच्यात माय बसत नाही, भाऊ," असं म्हणत सर लॅपटॉप माझ्यासमोर सरकवायचे आणि स्वतः उभेच राहायचे. मग स्टाफरूममधल्या खुर्च्यांच्या चिंचोळ्या वाटेतून त्यांच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या.

माझ्याच समोर का? तर मी एकदा कॉलेजच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तेव्हापासून मी संगणकातला जाणकार. मी अर्थशास्त्र शिकवतो हे मुलांच्याही फारसं लक्षात नसतं.

सर मराठीचे. घर उमरेडचं, विणकरांचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांची पीएचडी संपत आली होती. विषय मागावर काम करणाऱ्यांची भाषा. प्रबंध लिहून तयार, फक्त संदर्भसूची बाकी. नोंदणीची मुदत मार्चअखेर संपणार होती, आणि विद्यापीठातल्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं की सूची हातानं करू नका, चुका राहतात. एखादं सॉफ्टवेअर निवडा, माहिती भरा, ते यादी लावून देतं.

निवडण्यातच सगळं अडलं. सरांच्या प्रबंधातले निम्मे शब्द आईकडून आलेले. आई पंच्याऐंशी ओलांडलेल्या, जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरलेल्या, सहीच्या जागी अंगठा. पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. ते लेखक, प्रकाशक, साल असं सगळं मागायचं. दुसरं विकतचं. महिनाभराचा मोफत वापर संपला तरी सर त्याच्या मेन्यूतच हिंडत होते. तिसऱ्यानं यादी सुरेख लावली आणि आईंची नोंद अपुरी म्हणून गाळून टाकली. दर वेळी सगळी पुस्तकं नव्यानं भरायची. रविवारी सकाळी बेल वाजली की बायको आतूनच म्हणायची, "जा, तुमचे संदर्भ आले."

मी सुचवलं की माहिती देणाऱ्यांची नावं परिशिष्टात टाकतात, तसं करू. तेव्हा मात्र ते जागच्या जागी थांबले.

"विद्वान यादीत आन् माय परिशिष्टात? शब्द तर तिचे आहेत ना."

मग मी अक्कल चालवली. आईंचं पुस्तकच करून टाकलं. शीर्षक मागावरचे शब्द, प्रकाशक स्वतः, स्थळ उमरेड. बटण दाबलं, तशा आई दोन बड्या भाषातज्ज्ञांच्या मधे जाऊन बसल्या. आम्ही चहा मागवला.

आठवड्याभरात मॅडमचा फोन. बाकी सूची ठीक आहे, पण उमरेडचं ते पुस्तक मोलाचं दिसतं, मी कुठंच पाहिलेलं नाही, शुक्रवारी घेऊन या.

मुदतीला बारा दिवस उरलेले. खोटी नोंद केली म्हणून प्रबंधच परत आला असता. मी घाबरून बरेच तोडगे काढले, त्यात पुस्तक गहाळ झाल्याचा अर्जही होता. सरांनी एकही ऐकला नाही. शुक्रवारी उमरेडच्या बसनं आईंना आणलं, मॅडमच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "हे आणलं, मॅडम." मी दारातच, चपला काढाव्यात की पळावं या विचारात.

मॅडम चांगल्याच तापल्या. प्रबंध उघडून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं आणि हा कुठल्या पानावरून घेतला असं विचारलं.

आई म्हणाल्या, "पान काहून पाहून राहिली वं बाई? मी बसली आहो ना इथं. मले विचार."

मॅडमनी विचारलं. आईंनी पदराचा दोरा ओढला, तोडला, आणि मागावर तुटलेला धागा कसा सांधतात ते करून दाखवलं, बोटांच्या एकेका हालचालीचं नाव घेत. मॅडम जेवायचं विसरून लिहीत राहिल्या. शेवटी सरांचा लॅपटॉप ओढून त्यांनी आईंच्या नोंदीतलं 'पुस्तक' काढलं आणि 'मुलाखत' निवडलं. हा पर्याय अगदी पहिल्या, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही होता. यादीत जरा खाली. जाणकार माणूस तिथवर उतरलाच नव्हता.

प्रबंध वेळेत गेला. पुढे सर निवृत्त होऊन उमरेडला राहायला गेले. आई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. स्टाफरूममधून आता कुणाला न धडकता जाता येतं, आणि ते काही बरं वाटत नाही.

परवा त्यांचा फोन आला. मागे बसस्थानकाचा गोंगाट.

"भाऊ, मायच्या बरोबरीची एक कांड्या भरणारी सापडली. नव्वदची आहे, ऐकू कमी येते."

मी म्हटलं, सर, पीएचडी तर झाली. आता कशाला ही धावपळ?

"तिले अजून कोणी विचारलंच नाही ना."

आणि फोन बंद करायचं विसरून ते कंडक्टरला विचारू लागले, "गाडी काहून सोडून नाही राहिला गा?"