मुठीवरचं नाव

दुरुस्तीला आलेल्या कुठल्याही वस्तूचा ते आधी वास घेत. पंपाचा स्टोव्ह असो, पेट्रोमॅक्सची बत्ती असो, नाहीतर माझं छर्ऱ्याचं पिस्तूल. नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वारो खंय जाता तां आधी बघूया."

मालवणच्या बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन फळ्या, एक स्टूल आणि खिळ्याला टांगलेल्या पंधरा-वीस मुक्या बत्त्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

मी तिथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवत असे, आणि मला जुनी स्प्रिंगची पिस्तुलं जमवायचा नाद होता. यात दारू नाही, धूर नाही. नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की आतला दट्ट्या हवा दाबतो आणि छर्रा सुटतो. बायको म्हणायची, "तुमच्या पिस्तुलान कावळोसुदा उडाचो नाय." आपल्याकडे घरटी एक माणूस कधी ना कधी बोटीवर गेलेला. परदेशी बंदरातून आणलेली अशी पिस्तुलं जुन्या ट्रंकांत पडून असत. सायकल काढायची, आचऱ्यापासून देवबागपर्यंत घरं धुंडाळायची, चहा प्यायचा आणि ट्रंक उघडायला लावायची, हे माझे रविवार.

१९९८ साली असंच एक जर्मन पिस्तूल मला मिळालं. छर्रा नळीतून सुटायचा आणि माझ्याच पायाशी पडायचा. ते त्यांच्याकडे नेलं. त्यांनी वास घेतला.

"मास्तरांनू, ह्येच्यात खोबऱ्याचां त्याल कोणी घातल्यान?"

"मीच."

"मासे तळूचे होते काय?"

मग त्यांनी दट्ट्या बाहेर काढून दाखवला. त्याच्या टोकाला कातड्याचा वायसर होता, स्टोव्हच्या पंपात असतो तसाच, फक्त जाड. जुन्या चपलेचं कातडं गोल कापून त्यांनी नवा वायसर बसवला. दुसऱ्या दिवशी माझ्या परसात डालडाचा डबा ठाणकन पडला आणि मी पोरासारखा नाचलो. त्या दिवसापासून माझ्या संग्रहाचा वैद्य तो माणूस झाला. मोबदला म्हणून ते फक्त एक मागत: दुरुस्त झालं की पहिला छर्रा त्यांनी मारायचा.

संग्रहाचं एक शास्त्र असतं आणि ते मला फार चढलं होतं. मूळ झिलई हवी, स्क्रूच्या खाचा कोऱ्या हव्यात, खोका असेल तर सोन्याहून पिवळं. कुणी नाव किंवा नक्षी कोरली असेल तर किंमत निम्म्यावर. हे सगळं मी त्यांना शाळेत शिकवल्यासारखं शिकवत असे. ते ऐकून घेत आणि माझ्या स्क्रूला ओरखडा जाऊ नये म्हणून पात्याला चिंधी गुंडाळत.

एकदा त्यांनी फळीखालून फडक्यात बांधलेलं एक पिस्तूल काढलं. विलायती बनावटीचं, इतकं सुरेख की मी त्याच्या स्क्रूच्या खाचाच बघत बसलो. त्यांच्या वडिलांचं. वडील बोटीवर खलाशी होते. मुलगा झाल्याचं पत्र त्यांना कुठल्याशा बंदरात मिळालं, तेव्हा त्यांनी सुरीच्या टोकानं मुठीच्या लाकडावर मुलाचं नाव कोरलं. एकदा घरी येऊन पिस्तूल ठेवून गेले. पुढच्या सफरीतून परतले नाहीत. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता.

"बापाशीच्या हातचां अक्षर माझ्याकडे एवढांच आसा," ते म्हणाले.

अक्षर वेडंवाकडं होतं. एक काना तर लाकडाच्या कडेवरून खाली घसरला होता. मी काय बोललो असेन? म्हटलं, "नाव नसतां तर डबल किमत इली असती."

ते हसत सुटले. "म्हंजे माझ्या नावान किमत गेली म्हणा!"

पुढे घरोघरी गॅस आले, बत्त्या भंगारात गेल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पिस्तुलावरचे गंजाचे ठिपके त्यांना दिसेनात. एके दिवशी वडिलांचं ते पिस्तूल फडक्यात बांधून ते माझ्या घरी आले. "तुमच्या कपाटात खारो वारो लागाचो नाय. सांभाळा. फक्त दसऱ्याक माझ्याकडे आणा, हत्यारांच्या पूजेक." पैशांचं नावसुद्धा त्यांनी काढू दिलं नाही.

त्या मे महिन्यात पुण्याचे एक नामांकित संग्राहक माझी पिस्तुलं बघायला येणार होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की एवढ्या देखण्या पिस्तुलावर ते गबाळं नाव कसं दाखवायचं? एका दुपारी मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. मुठीचं लाकूड सोडवलं आणि एकेक अक्षर घासत गेलो. तो घसरलेला काना सगळ्यांत खोल होता, तो जाईना. तेव्हा तरी हात थांबायला हवा होता. मी जाडा पेपर घेतला. वर पॉलिश चढवलं आणि काम छान झालं म्हणून स्वतःवर खूश झालो.

पुण्याच्या गृहस्थांनी पिस्तूल हातात घेतलं आणि लगेच विचारलं, "मूठ घासली आहे. काय होतं इथं?"

मी सांगितलं.

"एका खलाशानं मुलाचं नाव कोरलेलं, आणि तुम्ही ते घासलंत?" ते माझ्याकडे बघत राहिले. "अहो, असं एखादं मिळावं म्हणून आम्ही गावोगाव हिंडतो."

त्या वेळी मला वाईट वाटलं ते किंमत गेल्याचं. हे लिहिताना कान तापतात, पण खरं तेच आहे.

दसरा आला. आजारी पडावंसं वाटलं, पण गेलो. फळीवर पक्कड, हातोडी, पंप, सगळं झेंडू लावून मांडलेलं. मधोमध पाट रिकामा ठेवला होता. त्यांनी पिस्तूल घेतलं, वास घेतला. मग अंगठा मुठीवर गेला, नेमका त्या जागी, आणि तिथेच फिरत राहिला. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण अंगठ्याला सगळं ठाऊक होतं.

"लाकूड जरा खराब झाललां," मी म्हणालो.

त्यांनी अंगठा काढून घेतला. मग म्हणाले, "खारो वारो. तेच्यान जाता तसां."

मला निसटायला वाट त्यांनी स्वतःच काढून दिली, आणि मी निसटलो. त्यांनी हळदकुंकवाचं बोट त्याच जागी टेकलं. पूजा झाल्यावर स्प्रिंग ताणून पिस्तूल कानाशी धरलं. "वारो बरो धरता," म्हणाले आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं. "घेवन जावा." त्या वर्षी पहिला छर्रा त्यांनी मारला नाही.

पुढच्या पावसात ते गेले. बाराव्यानंतर पिस्तूल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, परत द्यायचं म्हणून. त्यांच्या पत्नीनं ते उलटंपालटं केलं, मुठीवर हात ठेवला.

"ह्येंचां नाव हयसरच होतां ना? ते म्हणालेले माका, खाऱ्या वाऱ्यान गेलां म्हणान." मग पिस्तूल माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "तुमीच ठेवा मास्तरांनू. मास्तर जीवापाड सांभाळतत, असां म्हणत ते."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. "मी घासलं" एवढे दोन शब्द तिथे म्हणायचे होते. मी मान डोलावली, चहा प्यालो आणि पिस्तूल घेऊन घरी आलो.

शाळेची प्रमाणपत्रं इतकी वर्षं मीच लिहीत आलो. शेकडो मुलांची नावं, एकाहून एक सुबक. त्या संध्याकाळी टोकदार सुरी घेतली आणि म्हटलं, त्यांचं नाव पुन्हा कोरावं. आधी कागदावर गिरवून पाहिलं. तो काना कडेवरून घसरवायचा खूप प्रयत्न केला. अक्षर फार चांगलं येत होतं. सुरी ठेवून दिली. इथेही ते नाव माझ्या अक्षरात नको.