गवताच्या गाडीचं इंजिन

दुसरी मोठी लढाई संपून पेट्रोल पुन्हा बऱ्यापैकी मिळू लागलं, त्यानंतर आमच्या घरात नवी पिकप घ्यायचं ठरलं. गाडी कोणती याबद्दल वाद नव्हता. तीच गाडी दोन इंजिनांत मिळत होती, पेट्रोलच्या आणि डिझेलच्या, आणि वाद एवढाच होता. माझ्या सासऱ्यांना पेट्रोलची हवी होती, कारण ती त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, चालवता आली असती. मला ती त्याच कारणासाठी नको होती.

आमचा धंदा गवताचा. दिवाळीनंतर कळंब, कोंडाणे या बाजूंनी बैलगाड्या भरून गवत यायचं. कर्जतच्या आमच्या वखारीत ते दाबून गाठी बांधायच्या आणि पुढे वर्षभर मुंबईच्या तबेल्यांना पुरवायच्या. गवतवाल्याला भीती एकच, आगीची. वखारीत कुणी विडी ओढताना दिसला की मामंजी त्याला त्याच पावली हाकलत. आमच्या स्वयंपाकघराचं वखारीकडचं दार मी लग्न होऊन आले तेव्हाच विटांनी बुजवलेलं होतं.

लढाईत पेट्रोल कूपनांवर गेलं आणि आमच्या जुन्या लॉरीला कोळशाचा गॅस बसवला. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक उभं लोखंडी पिंप. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा आणि त्याच्या वायूवर इंजिन चालवायचं. कोळसा डोंगरातून हवा तेवढा मिळे. प्रश्न ठिणगीचा होता. म्हणून मामंजींनी वखारीपासून लांब, खास लॉरीसाठी विटांची खोली बांधून घेतली. ठिणगी बाहेर जाऊ नये म्हणून तिला खिडकी ठेवली नाही. कौलांच्या फटी बंद व्हाव्यात म्हणून खाली फळ्या ठोकल्या, दार पत्र्याचं केलं. आजूबाजूचे गवतवाले मुद्दाम ती खोली बघायला येत आणि डोकं चालवलंत म्हणत.

पावसाळ्यात कोळसा सर्दावतो, पेटायला वेळ घेतो. श्रावणात एका सकाळी यजमान लॉरी पेटवायला गेले. वाऱ्याने पत्र्याचं दार आपटत होतं, म्हणून त्यांनी ते आतून लावून घेतलं असावं. चहा निवला तरी आले नाहीत, तेव्हा मी बघायला गेले. हाका मारल्या. शेवटी हमालांकडून दार उचकटून घेतलं. ते पिंपाशी बसलेले होते, मान खाली, एक हात पंख्याच्या मुठीवर. चेहरा लाल, तजेलदार. आजारी माणसाचा वाटतच नव्हता. आम्ही त्यांना फरफटत पावसात आणलं.

शुद्ध आली. जेवले, बघायला आलेल्यांची थट्टा केली. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा गॅस भिनला होता, पण वाचले. महिनाभराने मात्र ते उतरत गेले. बोलता बोलता थांबत आणि पुढचं सापडत नसे. आंघोळीला बसत आणि पाणी अंगावर घ्यायचं विसरत. सासूबाई मामंजींना एकदाच बोलल्या.

"बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतो आपन. पन तिची खिडकी मी कदी पुरती लावली नाय. तुमी खिडकीच ठेवली नाय."

मामंजींनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून त्या खोलीला खिडकी पाडली. तोवर लॉरी बाहेर उभी राहू लागली होती.

यजमानांचे हात मात्र काही विसरले नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. लढाईनंतर पिंप काढून लॉरी परत पेट्रोलवर केली. एक दिवस ते आपणहून जाऊन बसले, चोक ओढला, बटण दाबलं आणि सफाईने लॉरी अंगणाबाहेर काढली. मामंजी ओट्यावर उभे राहून रडले.

"बघ गं, सूनबाई! हाय का नाय माझा पोरगा?"

काही दिवस शेजारी एक हमाल बसवून त्यांना जवळपास जाऊ दिलं. मग एका दुपारी भिसेगावच्या बाजूला रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर, त्यांनी लॉरी उभी केली, इंजिन बंद केलं, उतरले आणि चालत घरी आले. सोबतचा हमाल ओरडत राहिला. फाटकवाल्याने आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी लॉरी ढकलून काढली. पाठोपाठ मालगाडी गेली.

मी विचारलं, "लॉरी कुठे आहे?"

"कुठली?" ते म्हणाले.

लॉरी विकून टाकली. पण बैलगाड्यांवर मुंबईचा धंदा होत नाही, तबेलेवाले दुसरीकडे वळू लागले. तेव्हा पिकपचा विषय निघाला आणि मामंजींच्या मनात पुन्हा तेच आलं. नवी गाडी दारात आली की पोरगा सुधारेल.

मुंबईला दुकानात आम्ही दोघं गेलो. विक्रेता तरुण होता आणि फक्त मामंजींशी बोलत होता.

"आजोबा, गवतासाठी पेट्रोलच घ्या. हलका माल, डिझेलची ताकद वाया जाईल. आणि हे सुरू करायला सोपं. या बाईसुद्धा चालवतील."

"चालवंल की," मामंजी म्हणाले. "सगळ्या घराला चालवते, गाडीचं काय!"

डिझेल कसं सुरू करतात ते मी विचारलं. त्याने जरा नाखुशीनेच दाखवलं. आधी एक खटका दाबून धरायचा, आतली तार तापेपर्यंत थांबायचं, मग दुसरा खटका. घाई केली तर इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. बंद करायलाही निराळा दट्ट्या. चोक नावाची वस्तूच नाही.

"जुन्या ड्रायव्हरांना आधी जमत नाही," तो म्हणाला. "शिकावं लागतं."

"आणि नवीन शिकता येत नसेल तर?"

"मग दुसरा ड्रायव्हर ठेवा, बाई."

दुकानाबाहेर आल्यावर मी मामंजींना म्हटलं, "डिझेल घेऊ. पेट्रोलसारखं ते भसकन पेटत नाही. गवताला बरं."

ते माझ्याकडे वळले. "आगीचं मला नको शिकवू. खरं सांग."

"त्यांना ही गाडी सुरू करता येणार नाही. म्हणून."

"त्याचं तेवढंच ऱ्हायलं हाय गं."

"तेवढ्यानेच ते मरतील, मामंजी. आणि फाटकात मरणारे ते एकटेच नसतील."

ते दुकानाच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "घे तुझ्या मनाची. पन त्याला सांगनार कोन?"

"सांगायला नको."

पिकप आली. खालापूरकडचा एक ड्रायव्हर ठेवला होता, डिझेल चालवलेला. सकाळीच गाठी भरून घेतल्या. मी चाकाखाली लिंबं ठेवली, पुढे नारळ वाढवला. यजमान धुतलेला सदरा घालून आले आणि कुणी काही म्हणायच्या आत ड्रायव्हरच्या जागी बसले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने थांब म्हटलं.

त्यांचा हात चोकच्या जागी गेला. तिथे काही नव्हतं. हात आजूबाजूला फिरला, परत तिथेच आला. एक खटका सापडला तो त्यांनी दाबला. इंजिन फिरलं, गाडी हादरली, पण पेटलं नाही. पुन्हा दाबला. मामंजी तोंड फिरवून उभे राहिले. मग यजमान उतरले, गाडीच्या पाठीमागून शोधून आले आणि मला म्हणाले, "पंखा कुठं हाय?"

"या गाडीला पंखा नाही."

"मग ती पेटनार कशी?"

मी ड्रायव्हरला बस म्हटलं. त्याने खटका दाबून धरला, थांबला, आणि इंजिन पेटलं. त्या आवाजाने यजमानांनी कानांवर हात ठेवले. आवाज काही थांबेना, तेव्हा ते विटांच्या खोलीत गेले आणि पूर्वी लॉरी उभी राहायची त्या जागी जाऊन बसले. पुढे ते रोज तिथेच बसत. त्या खोलीचं पत्र्याचं दार मी बिजागऱ्यांसकट आधीच काढून ठेवलं होतं.

गाठींवरचा दोर एका बाजूला सैल होता. तो आवळायला लावला आणि ड्रायव्हरला निघ म्हटलं.